'रोख' या शब्दाचा अर्थसंकोच आणि घरखर्चाचा ताबा

१

पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यात, माळशेज घाट चढून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, ओतूर आणि आळेफाटा यांच्या दरम्यान पिंपरी पेंढार हे गाव आहे. ऊस, कांदा, टोमॅटो आणि दूध या चार गोष्टींवर या परिसरातील बहुतेक घरांचा संसार चालतो. प्रस्तुत लेखकाची आत्या या गावी राहते. तिच्या घरात खर्चाचे तीन बटवे आहेत : एक किराण्याचा, एक औषधपाण्याचा आणि एक आल्यागेल्याचा. आठवड्याचे पैसे ती मोजून त्यांत ठेवते. ज्या बटव्यातील पैसे संपले त्या बाबीचा खर्च पुढील बाजारापर्यंत थांबतो. पाचशेची नोट बाहेर काढण्याची तिला मोठी नाखुशी असते. कारण विचारले असता ती म्हणाली, "आरं, बंदी नोट मोडली की ती घरात टिकत न्हाई."

त्याच घरात तिचा मुलगा किराणा दुकानात, खताच्या दुकानात आणि चहाच्या टपरीवर दूरध्वनीच्या साहाय्याने पैसे देतो. गेल्या हंगामात उसाचे बिल खात्यावर जमा झाले तेव्हा सोसायटीचे पीककर्ज नवे-जुने करण्यापुरती रक्कम त्यात निश्चित होती. फेडीची मुदत जवळ आली तेव्हा ती उरली नव्हती. मोठा असा एकही खर्च झालेला नव्हता. पन्नास, ऐंशी, दीडशे अशा लहान देण्यांतच ती सरली होती. मुदतीत फेड केली तरच व्याजाची सवलत मिळते. म्हणून आत्याला दोन ग्रॅमचे सोने मोडावे लागले.

या घटनेतील आर्थिक प्रश्न उघड आहे : रोख पैशाने खर्चाला आळा बसतो काय, आणि बसत असल्यास का ? परंतु भाषेच्या अभ्यासकास त्याबरोबरच आणखी एक गोष्ट जाणवते. आत्याच्या बोलण्यातील 'बंदी', 'मोडणे', 'टिकणे' हे शब्द आणि मुलाच्या बोलण्यातील 'टाकले', 'मारले', 'स्कॅन केले' हे शब्द एकाच व्यवहाराचे दोन भिन्न आकार दाखवितात. प्रस्तुत लेखात या शब्दांच्या साहाय्याने वरील आर्थिक प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

२

प्रथम 'रोख' हा शब्द घेऊ. मोल्सवर्थच्या कोशात त्याचा अर्थ हाताशी तयार असलेला पैसा असा दिला आहे. या 'तयार'पणात दोन गोष्टी एकवटलेल्या आहेत. एक काळाची : देणे आत्ताच चुकते होते. दुसरी रूपाची : पैसा नाण्यांच्या वा नोटांच्या रूपाने हातात असतो. एखाद्या शब्दाचा अर्थ काय, हे पुष्कळदा त्याचा विरोधी शब्द कोणता यावरून ठरते. मराठी व्यवहारात 'रोख'चा विरोधी शब्द 'उधार' हा होता. दुकानांतून लावलेल्या 'आज रोख, उद्या उधार' या पाटीवरून हे कोणाच्याही ध्यानात येईल. म्हणजे 'रोख' या शब्दात भर होता तो काळावर, रूपावर नव्हे.

रूपाचा भेद दाखविण्यासाठी जुन्या मराठीत स्वतंत्र जोडी होती. पेशवाईच्या कागदपत्रांत सारा किंवा वेतन 'नक्त' दिले की 'ऐनजिनसी', असा भेद केलेला आढळतो. 'नक्त' हा अरबी 'नक्द'पासून आलेला शब्द; त्याचेच दुसरे रूप 'नगद'. धान्याच्या वा वस्तूच्या रूपाने दिलेले ते 'ऐनजिनसी'. अशा रीतीने 'रोख आणि उधार' ही काळाची जोडी व 'नक्त आणि ऐनजिनसी' ही रूपाची जोडी, अशा दोन स्वतंत्र जोड्या भाषेत नांदत होत्या. वस्तुरूप वेतन मागे पडले तशी दुसरी जोडी प्रचारातून गेली आणि 'रोख' या एकाच शब्दावर दोन्ही अर्थांचा भार पडला.

आज पिंपरी पेंढारच्या, किंवा पुण्याच्याही, दुकानात गिऱ्हाइकाला विचारला जाणारा प्रश्न बदललेला आहे. 'रोख का मांडून ठेवू ?' याऐवजी 'रोख का ऑनलाइन ?' असे विचारले जाते. येथे 'रोख'चा विरोधी शब्द बदलला, आणि त्याबरोबर त्याचा अर्थही. दूरध्वनीवरून दिलेले पैसे त्याच क्षणी दुकानदाराच्या खात्यावर पोचतात. जुन्या अर्थाने ते शुद्ध रोखच होत. तरीही आज त्यांना कोणी रोख म्हणत नाही. 'ताबडतोब चुकते केलेले' हा अर्थ गळून 'नोटा व नाणी' एवढाच उरला. व्युत्पत्तिशास्त्रात ज्याला अर्थसंकोच म्हणतात त्याचे हे आपल्या डोळ्यांदेखत घडलेले उदाहरण होय.

हा संकोच केवळ कोशकाराच्या उपयोगाचा नाही. नव्या पद्धतीचे देणे काळाच्या दृष्टीने रोख असते, परंतु देणाऱ्याला त्याचा अनुभव उधारीसारखा येतो : वस्तू हाती आली, आणि हातातून मात्र काही गेले नाही. भाषेने त्याला 'रोख'मधून वगळले, यात बोलणाऱ्यांची एक अचूक जाण दिसते असे म्हणावयास हरकत नाही.

३

खर्चासंबंधीचे मराठी वाक्प्रचार एकत्र केले तर त्यांचे तीन मुख्य गट पडतात.

पहिला गट हाताचा. सढळ हाताने देणे, हात आखडता घेणे, हात राखून खर्च करणे, हात सैल सोडणे, हातखर्च, हातउसने. या सर्वांत खर्चाचे प्रमाण हाताच्या हालचालीने मोजलेले आहे. दुसरा गट वस्त्राचा आणि गाठीचा. पदरचे पैसे, पदरमोड, कनवटीचा पैसा, गाठीला असणे. येथे पैसा अंगावरील वस्त्रात बांधलेला असून तो काढण्यासाठी गाठ सोडावी लागते. 'खिसा' हा शब्दही मूळ फारसी 'कीसा' म्हणजे पिशवी यावरून आलेला आहे. खिशाला चाट बसते किंवा कात्री लागते ती त्यामुळेच. तिसरा गट मोडण्याचा. बंदा रुपया, मोड, सुटे, खुर्दा. 'खुर्दा' हा फारसी 'खुर्द' म्हणजे लहान या शब्दाशी संबद्ध असून मराठीत तो चिल्लर या अर्थाने आला, आणि 'खुर्दा उडणे' म्हणजे चुराडा होणे असाही त्याचा प्रयोग होतो.

या तिसऱ्या गटाकडे विशेष लक्ष दिले पाहिजे. नोट मोडतात, मुदतठेव मोडतात, दागिना मोडतात. तिन्ही ठिकाणी क्रियापद एकच आहे, आणि तिन्ही ठिकाणी अखंड वस्तूचे अखंडत्व नाहीसे होणे हा अर्थ समान आहे. मोडण्यापूर्वी मन कचरते, आणि एकदा मोडल्यावर उरलेल्याची तितकीशी मातब्बरी वाटत नाही. आत्याच्या वाक्यात हाच अनुभव सांगितलेला आहे.

'उधार' या शब्दाची कथा याहून निराळी आहे. तो संस्कृत 'उद्धार' याचा तद्भव होय. एकाच मूळ शब्दाचे तत्सम रूप तारण्याच्या अर्थी राहिले आणि तद्भव रूप देणे मागे ठेवण्याच्या अर्थी रूढ झाले. उधारीची क्रियापदे पाहिली तर ती हाताची किंवा गाठीची नाहीत. ती लेखणीची आहेत. मांडणे, लिहिणे, नावे टाकणे, खात्यावर धरणे. रोखीत हात चालतो, उधारीत लेखणी चालते. आणि ती लेखणी दुकानदाराची किंवा सावकाराची असते.

'हप्ता' या शब्दाचा प्रवासही येथे नमूद करण्याजोगा आहे. फारसीत 'हफ्त' म्हणजे सात, आणि 'हफ्ता' म्हणजे आठवडा. मराठीत त्यास ठरावीक मुदतीने द्यावयाचा देण्याचा भाग असा अर्थ आला. आज 'महिन्याचा हप्ता' असे म्हणताना मूळ सात दिवसांची आठवण कोणास होत नाही. देण्याची मुदत लांबली, शब्द मात्र तोच राहिला.

४

आता भाषेबाहेरील पुरावा पाहू. खर्च करताना मनाला जी टोचणी लागते तिला 'देण्याची वेदना' असे नाव ओफर झेलरमायर यांनी १९९६ च्या आपल्या प्रबंधात दिले. ड्राझेन प्रेलेक आणि जॉर्ज लोवेन्स्टाइन यांनी १९९८ मध्ये तिची सैद्धान्तिक मांडणी केली : उपभोगाचा आनंद व देण्याची वेदना मनात जितक्या घट्ट जोडलेल्या, तितका खर्चाला आवर अधिक. प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांच्या २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, कार्डाने पैसे द्यावयाचे आहेत असे ज्यांना सांगितले होते त्यांनी खेळाच्या तिकिटांसाठी लावलेल्या बोली रोख देणाऱ्यांच्या बोलींहून पुष्कळच चढ्या होत्या.

मोडण्यासंबंधीचा पुरावा तर आत्याच्या वाक्याची आठवण करून देणारा आहे. प्रिया रघुवीर आणि जयदीप श्रीवास्तव यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चीनमधील काही गृहिणींना १०० युआनची एकच नोट आणि इतरांना तेवढ्याच रकमेच्या पाच लहान नोटा देण्यात आल्या होत्या. एकच नोट मिळालेल्यांत ती खर्च करणाऱ्यांचे प्रमाण कमी आढळले. रक्कम समान असूनही तिचे बंदेपण खर्चास अडथळा ठरले.

भारतातील अनुभव ८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीनंतर तपासता आला. रोकड अकस्मात दुर्मिळ झाल्याने ज्यांना इतर मार्गांनी पैसे देणे भाग पडले, त्यांची दुकानातील खरेदी वाढल्याचे सुमित अग्रवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एका मोठ्या दुकानसाखळीच्या नोंदींवरून दिसून आले.

तथापि या पुराव्याचा भार त्याच्या शक्तीपलीकडे वाढवू नये. १७ देशांतील ७१ शोधनिबंध एकत्र घेऊन २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक समीक्षेत रोकडविरहित देण्याचा परिणाम खरा, पण लहान असल्याचे आढळले. शिवाय काळ जाईल तसा तो क्षीण होत आहे. लोकांना नव्या साधनाची सवय झाली की त्यांची वेदना नव्या ठिकाणी रुजते, असा याचा एक संभाव्य अर्थ आहे. तसेच शब्दांवरून वर्तनाचे अनुमान काढतानाही सावध राहिले पाहिजे. 'मोडणे' हा शब्द आहे म्हणून माणूस काटकसरी होतो, असे नव्हे. नोट हाताळण्याच्या दीर्घ अनुभवातून तो शब्दप्रयोग रुजला. शब्द हा येथे कारण नसून साक्षीदार आहे. मात्र साक्ष विश्वसनीय आहे.

५

या सर्वांवरून रोख पैशाच्या ठिकाणी खर्चाला आवरणाऱ्या चार गोष्टी दिसतात. पहिली, घट दिसणे : बटवा हलका होतो. दुसरी, मोडण्याचा अडथळा. तिसरी, घेणे व देणे एकाच क्षणी आणि एकाच हाताने होणे. चौथी, मर्यादा : बटव्यात नाही ते देता येत नाही.

दूरध्वनीच्या देण्यात या चारही गोष्टी शिथिल होतात. 'एकीकृत देयक प्रणाली', म्हणजे जिला सर्वजण यूपीआय म्हणतात ती, २०१६ साली सुरू झाली. तिच्यात तीस रुपये आणि तीन हजार रुपये देण्यासाठी बोटाची हालचाल सारखीच. हात आखडता घेण्यास तेथे जागा नाही. दुकानातील छोट्या यंत्रातून रक्कम मिळाल्याची घोषणा होते, परंतु ती घेणाऱ्याच्या खात्रीसाठी असते. देणाऱ्याच्या खात्यात किती उरले हे ती सांगत नाही. मोडण्यासारखे तर काही नसतेच, कारण खात्यातील रक्कम मुळातच सुटी असते. शिवाय २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड या प्रणालीस जोडता येऊ लागले. त्यामुळे त्याच हालचालीने कधी स्वतःचे पैसे दिले जातात, तर कधी उधारी होते. रोख आणि उधार यांतील जो भेद मराठीने शतकानुशतके दोन शब्दांनी राखला, तो या हालचालीत उमटत नाही. आपल्या प्रश्नातील खरा धोका येथे आहे.

असे असले तरी रोकडीचे गुणगान एकांगी होईल. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत १८७५ साली जे शेतकऱ्यांचे उठाव झाले, आणि ज्यांचा आरंभ १२ मे रोजी सुपे येथे झाला, त्यांत लोकांचा रोख मुख्यतः सावकारांच्या खतपत्रांवर व वह्यांवर होता. देणे कोणाचे, किती आणि केव्हाचे, याची नोंद केवळ घेणेकऱ्याच्या हाती असणे हे त्यांच्या दुःखाचे एक मूळ होते. म्हणून १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्यात सावकाराने पावती व हिशेबाचा उतारा द्यावा अशी तरतूद करावी लागली. आज प्रत्येक देण्याची नोंद देणाऱ्याच्या हातातील यंत्रात आपोआप राहते. लेखणी प्रथमच ऋणकोच्या हाती आली, हा लाभ थोडा नव्हे. फक्त ती वही उघडून पाहिली पाहिजे.

दुसरे असे की, या परिसरातील उत्पन्न महिन्याच्या पगारासारखे येत नाही. उसाचे बिल वर्षातून काही थोड्या वेळा येते, कांद्याची आणि टोमॅटोची पट्टी बाजारभावावर अवलंबून असते, दुधाचे पैसे मात्र ठरावीक दिवसांनी मिळतात. मोठी रक्कम एकदम नोटांच्या रूपाने घरात आली तर ती चोरी, उसनवारी आणि आग्रह या तिन्हींना उघडी पडते. अशा रकमेस खाते हेच सुरक्षित ठिकाण. नोटाबंदीच्या वेळी घरोघरच्या स्त्रियांनी डाळीच्या डब्यांत गुपचूप जपलेले पैसे उघड करावे लागले. रोकडीचे अदृश्य राहणे हे तिचे बळ आणि तेच तिचे वैगुण्य, हे त्या वेळी दिसले. उलट २०२४ साली सुरू झालेल्या 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेत दरमहा १,५०० रुपये थेट स्त्रीच्या स्वतःच्या खात्यावर जमा होऊ लागले. ते तिच्या नावाचे आहेत ही नोंद पुसता येत नाही.

६

तेव्हा रोख की खाते, हा प्रश्न अशा स्वरूपात विचारणेच चुकीचे ठरते. मोठी आणि क्वचित येणारी रक्कम खात्यात असावी, आणि लहान व वारंवार होणारा खर्च नोटांनी व्हावा, असा विभाग केल्यास दोहोंचे गुण पदरी पडतात. व्यवहारात त्याची तीन पथ्ये सांगता येतील.

पहिले : बिल किंवा पट्टी जमा होताच सोसायटीच्या फेडीची व शाळेच्या फीची रक्कम निराळ्या ठेवीत टाकावी. ठेव 'मोडावी' लागते. या क्रियापदातील अडथळाच आपल्या उपयोगाचा आहे. दुसरे : आठवड्याच्या खर्चाचे पैसे एकाच दिवशी काढून बाबीप्रमाणे वेगळे ठेवावेत, आणि एका बाबीचे दुसरीस देऊ नयेत. समाजशास्त्रज्ञ व्हिव्हियाना झेलायझर यांनी १९९४ च्या आपल्या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे, घराघरांतून पैशाला अशी नावे देण्याची रीत पूर्वापार आहे. आत्याचे तीन बटवे त्याच रीतीचे आहेत. तिसरे : दूरध्वनीने पैसे द्यावयाचेच असतील तर त्यासाठी एक वेगळे, लहान खाते ठेवावे आणि त्यात आठवड्याचीच रक्कम भरावी, त्यास क्रेडिट कार्ड जोडू नये. म्हणजे 'बटव्यात नाही ते देता येत नाही' ही मर्यादा तेथेही राहते.

तिसऱ्या पथ्यावरून एक गोष्ट सिद्ध होते. आवर घालण्याचे सामर्थ्य कागदाच्या नोटेत नसून तिने लादलेल्या मर्यादांत आहे, आणि त्या मर्यादा जाणूनबुजून अन्यत्र उभारता येतात. पूर्वी त्या पैशाच्या रूपानेच आपोआप मिळत; आता त्या आपणांस योजाव्या लागतात, एवढाच फरक.

पिंपरी पेंढारच्या त्या घरात यंदा असे दुसरे खाते उघडले आहे. एका घरावरून सिद्धान्त काढता येत नाही हे प्रस्तुत लेखक जाणतो; या हंगामातील फेड अजून व्हावयाची आहे. परंतु आत्याचा मुलगा त्या लहान खात्याला 'बटवा' म्हणू लागला आहे आणि त्यातील शिल्लक सरत आली की 'बटवा मोकळा झाला' असे सांगतो. जुना शब्द नव्या वस्तूस लागू झाला, म्हणजे त्याचा अर्थविस्तार झाला. 'रोख' या शब्दाने जे गमावले त्यातील काही अंश 'बटवा' या शब्दाने उचलून धरला, असे म्हणता येईल. असे आणखी कोणते शब्द बाजारात, बचतगटांत आणि भिशीच्या बैठकींत रूढ होत आहेत, याची नोंद आपल्या विभागातील विद्यार्थ्यांनी आपापल्या गावी जाऊन घ्यावी. ती कोशासही उपयोगी पडेल, आणि कोणा घराचे दोन ग्रॅम सोने मोडण्यापासून वाचवील, असा भरवसा वाटतो.